बोर्डावरचं गाव

त्र्याऐंशीच्या जानेवारीत लोंढ्याला
हॅस्लमसाहेब आला, विलायतेचा टीव्हीवाला.
मला गोगटे सर्कलवरून जीपमध्ये घातलं:
पेंटर पाहिजे, इंग्रजी अक्षर सरळ काढणारा.

स्टेशनचा पिवळा बोर्ड झाकून
त्यावर प्लायवूडचा दुसरा लावायचा होता.
रतनघाट. कुठल्याच नकाशात नसलेलं गाव.
मी विचारलं, साहेब, राज्य कुठलं?
वरती कुठली लिपी घालू, खाली कुठली?
दुभाषा हसला. साहेब हसला नाही.
म्हणाला, तुमच्याकडे कुठली आधी येते?
मी ब्रश धुवायला लागलो.

शेवटी नुसती इंग्रजीच काढली.
सुकायच्या आत त्यानं वर चहा ओतला,
बुटाची माती चोळली, नवं दिसता कामा नये.
आमच्याकडे हे काम लोक रात्री येऊन
फुकट करतात, डांबरानं.

पॅकअप झाल्यावर रुळाशेजारी बसून
त्यानं आपलं सांगितलं, मला अर्धं कळलं:
बाप सूतगिरणीत, हा थेटरात पडदे ओढायचा.
मग कॅमेऱ्याच्या तारा उचलल्या. मग स्वतःचा एक सिनेमा,
नऊ दिवस चालला.
मग पोलिसांच्या मालिका, इस्पितळाच्या मालिका.
मंगळवारी भाग लागतो, बुधवारी कोण विचारतंय?
'गोष्ट दुसऱ्याची, नट दुसऱ्याचे,
मी फक्त सांगतो कुणी कुठे उभं राहायचं.'
म्हटलं, माझंही तेच. दुकान शेट्टींचं,
अक्षरं तेवढी माझी.

त्याचे चार भाग निघाले. इकडे दिसले नाहीत.
नाताळाला कार्ड यायचं:
यंदा दोन भाग केले. यंदा एक.
यंदा गुलाब लावलेत.
तोवर खडेबाजारात फ्लेक्सचं मशीन बसलं,
आणि माझ्याकडे कुंडीसुद्धा नव्हती.

परवा नातवानं मोबाइलवर शोधून काढलं.
'आज्जा, काय बघुलालास इतकं जवळून?'
धुकं. इंजिनाची वाफ. बोर्ड.
आरचा पाय जरा लांब गेलाय,
तेव्हाही वाटलं होतं, साहेब म्हणाला राहू दे.

शेवटी नावं धावली. थांबव. मागे घे. थांबव.
अगदी तळाशी: लुमाना, पेंटर.
लुमाण्णातला एक एन खाल्लाय.
रेशनकार्डात, मतदार यादीत, वीजबिलावर
तीन तऱ्हेनं चुकलंच होतं, ही चौथी.

मग पडदा काळा, आणि त्याचं एकट्याचं नाव.
बरोबर होतं. दोन अक्षरांत अंतर कमी पडलं होतं,
मी असतो तर सावरलं असतं.
नीट बघायला चष्मा पुसला, तोवर
नातवाचं बोट पुढच्या व्हिडिओवर.