नाडी

बत्तीस वर्षं मी बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या,
ठाण्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं डब्यातल्या पोळीलाही फॉर्मलिनचा वास यायचा.
चौथ्या फळीवरची एकोणिसावी बरणी:
आत शेवईच्या तुकड्यासारखं काहीतरी, पांढरं,
आणि बाहेर माझंच अक्षर –
फीतकृमी. उत्तन. ओळख पटलेली नाही.
सर म्हणाले ते लिहिलं.
सर गेले. बरणी राहिली.
पाणी खाली गेलं की मी ते भरत राहिलो.

आता वेळच वेळ.
भाईंदरहून पहिली बस.
पिशवीत भिंग, दोन नंबरचा ब्रश,
आणि टवका उडालेली पांढरी ताटली,
जिच्यात सून आता कुणाला वाढत नाही.

अवसेनंतरची दुसरी सुकती.
बोंबलाच्या वलांड्या मागे पडल्या,
चर्चची घंटा वाजून गेली.
शेवाळावरून मी बसूनच सरकतो.
या वयात हाड मोडलं तर मुलगा विचारेल,
काय शोधायला गेला होतात?
आणि उत्तर द्यावं लागेल.

दगड हळू उलटायचा.
बघून झालं की होता तसाच ठेवायचा, खालची बाजू खाली.
छप्पर उचलून आपण विचारतोय, कोण राहतं इथं,
एवढं भान ठेवायचं.
पहिल्या दगडाखाली खेकडी. तिनं नांग्या दाखवल्या.
दुसऱ्याखाली नुसता गाळ.
पाचव्याखाली एक गोमेसारखा, अंगावर कडी, कडेला केस.
हा नव्हे. फीतकृमीला कडी नसतात, पाय नसतात,
ओलेपणच जणू सरकतं.
नवव्याखाली चपटा, ओल्या पानासारखा. हाही नव्हे.
अकराव्याखाली
मला वाटलं, कुणाच्या जाळ्याचा दोरा.

"काय हरवलं, बाबा?"
नतालीनबाय. कमरेला टोपली, हातात कालवं फोडायचा टोचा.
मी बोट दाखवलं.
ती वाकलीसुद्धा नाही.
"ती व्हय? नाडी हाय ती. परकराची नाडी.
वढू नको, तुटंल."

सरांच्या तिन्ही जाड पुस्तकांत हा शब्द नव्हता.

ब्रशनं तिला ताटलीत घेतली, वर थोडं समुद्राचं पाणी.
बरणीतल्या पांढऱ्याला मी इतकी वर्षं रंग समजत होतो.
ही जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी,
पाठीवर एक फिकी रेघ,
आणि मानेशी पांढरा पट्टा,
चिठ्ठी आधीच कुणी चिकटवून ठेवल्यासारखा.
भिंगातून डोळे मोजले, काळे ठिपके. चार.
पुन्हा मोजले. सहा.
काचेवर माझाच श्वास. पुसली. चार.
डोक्याच्या बाजूला खाच आहे का? आडवी की उभी?
सोयरीक जुळवताना विचारतात तसं
हे सगळं विचारायचं असतं, नावाआधी.
तेवढ्यात तिनं डोक्यातून सोंड फेकली,
अंगाहून लांब, दुधी,
आणि तशीच आत ओढून घेतली,
नको ते बोलून गेल्यासारखी.

लांबी राहिली होती.
पट्टी लावायला म्हणून मी तिला जरा सरळ केली,
जरा.
तीन तुकडे.
आणि तिन्ही चालू लागले,
एक कडेला, एक टवक्याच्या काळ्या डागाकडे,
एक जागच्या जागी गोल.

"म्हटलं ना," नतालीनबाय म्हणाली,
आणि टोचा कालवावर मारला.

मी ताटलीत बोट बुडवलं, त्या गोल फिरणाऱ्यापाशी,
वैद्य मनगटावर ठेवतो तसं.
काहीतरी लागलं.
तिचं की माझं, कळलं नाही.

भरती फिरली. तिघींना अकराव्या दगडाखाली सोडलं,
दगड होता तसा.

बसमध्ये वही उघडली.
उत्तन. खडक. सकाळी सात.
रंग: आहे.
डोळे: चार किंवा सहा.
संख्या: आधी एक.
स्थानिक नाव: नाडी.
ओळख –
इथं कंडक्टरनं सुटे मागितले.