हत्ता

माझा बाप हळदीच्या सौद्यात तोलार होता.
रुमालाखाली हात घालून भाव ठरायचे, ते दिवस.
वर दोन माणसं आभाळाकडे बघत उभी,
खाली बोटं बोलायची.
सांगलीच्या यार्डात पोत्यावर बसवून
त्यानं मला ती भाषा शिकवली.
झाकलेलं वाचायला मी तिथं शिकलो
आणि झाकायलाही.

मंडळीनं खजिनदार केलं तेव्हा म्हणाले,
यार्डातला माणूस, पण काट्याला कधी बोट लावलं नाही.
खरं होतं ते.

मग मोबाइलवरची रमी.
पहिल्या रात्री नऊशे जिंकलो.
पुढचं सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं तेच असतं.
मयत फंडातले अडतीस हजार चारशे
चिमूट चिमूट गेले, हळद सांडावी तसे.
रंग तेवढा राहिला बोटांना.

एलिया मास्तर वारले त्या पहाटे
पाळकांनी तिजोरीची चावी मागितली.
मी दिली.
आत पावतीपुस्तक होतं. एक टाचणी होती.

मास्तरांची शवपेटी उधारीवर आली.
सुतार दफनभूमीच्या फाटकापर्यंत मागं मागं,
हळू बोलत होता बिचारा,
पण सगळ्यांना ऐकू येत होतं.
रिबकाबाईंनी कनवटीची नोट काढून त्याच्या हातात ठेवली
आणि पुढं चालू लागल्या.
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दरमहा पंधराशे. सव्वीस महिने.
शेवटचा हप्ता नऊशेचा बसला,
पहिल्या रात्री जिंकलो होतो तेवढाच.
काटा मध्यावर येऊन थांबला.
मला वाटलं होतं, हलकं वाटेल.
प्रार्थना करायचो तीही हिशेब दिल्यासारखी:
प्रभू, इतके फिटले, इतके राहिले.
तो काही बोलायचा नाही.
व्यापारी असता तर घासाघीस तरी केली असती.

यंदा हंगामाच्या सणाला गेलो.
शेवटचा बाक, पुराच्या रेघेखालचा.
ती रेघ कितीदा रंगवली तरी वर येते.
प्रभुभोजनाचं ताट आलं,
मी ते शेजारच्याकडं सरकवलं.

मग लिलाव. उसाच्या मोळ्या, गुळाची ढेप,
टेबलाच्या पायाला बांधलेली एक कोंबडी.
आणि माझा लाल भोपळा, परसातला,
सात किलो दोनशे, घरून तोलून आणलेला.
शमुवेल पुकारत होता: बोला, भोपळा, बोला!
शंभर? पन्नास? चाळीस तरी?
सगळे आपापल्या चपला बघत होते.
कोंबडीसुद्धा गप्प.

रिबकाबाई उठल्या. गुडघ्यांमुळं वेळ लागला.
टेबलाकडं नाही, माझ्याकडं आल्या.
पदराचं टोक माझ्या हातावर टाकलं
आणि खाली बोटं धरली.

किती वर्षांनी कुणी असा हात धरला होता.
मी वाचू लागलो.
एक बोट दाबलं तर काय, दोन दाबली तर काय,
सगळं येतं मला.
पण त्यांनी पाचही बोटं मुठीत घेतली
आणि तशीच धरून ठेवली.
हा कुठला भाव, बापानं शिकवला नव्हता.

"पेटीचं विसरले नाही मी," त्या म्हणाल्या,
"विसरणार पण नाही. सोडलंय.
मास्तर असते तर त्यांनी आधीच सोडलं असतं,
मला उशीर लागला."
मग शमुवेलकडं वळून,
"दोनशे. आणि हा घरापर्यंत पोचवेल."

गावभागातून मी मागं मागं,
खांद्यावर भोपळा.
त्या वाटेत थांबून कोथिंबिरीचा भाव करत होत्या,
पोरांना हटकत होत्या,
माझ्याशी एक शब्द नाही.

उंबऱ्यावर विळीनं भोपळा चिरला.
आत पिवळा, ओला, बियांनी गच्च.
"अर्धा ने," म्हणाल्या,
"एकटीला एवढा कुठं संपतो."

मी दोन्ही हात पुढं केले.