रकाना

तरीतून उतरलो तेव्हा भरती ओसरत होती.
पिशवीत लाल औषधाच्या पुड्या, सुंभाची दोरी,
आणि मयतांची वही.
तेरा नावांपुढे पाटलाने एकच शब्द लिहिलेला: ताप.
तेराही पटकीचे.
मी खोडलं नाही, शेजारी बारीक अक्षरात लिहिलं.

वरच्या आळीची विहीर जांभळी झाली तशा
बायका रिकाम्या कळशा घेऊन परतल्या.
"वांग्याच्या रंगाचं पाणी देवाला कसं घालू?"
मला उत्तर सुचलं नाही.
ठकू खारवीण मात्र सुकटीची पाटी उतरवून
ओंजळभर प्यायली, तोंड वाकडं केलं:
"माझे दोन गेले. आता रंग काय बघायचा?"

मग वहाळाच्या काठाने खाली.
वर गुरं, धुणी, माशांची आतडी,
एका कोंडीत कुणाची तरी वाकळ भिजत घातलेली.
कुणाची, ते विचारलं नाही.
खाली महारवाडा. तेच पाणी.

तानू गमरेने पुडीसाठी पदर धरावा तसं
धोतराचं टोक लांबून पसरलं,
पुडी पडली, आणि तो तसाच उभा.
"टाकू कुठं, साहेब?
आमचं पाणी थांबत नाही."

छापील तक्त्यात विहिरी किती, पुड्या किती,
टोचलेली मुलं किती.
रात्री धर्मशाळेत कंदील पुढे ओढून
पट्टीने एक उभी रेघ मारली.
वर नाव काय द्यावं?
टाकाला शाई वाळली, पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली.
बोटांवरचे तपकिरी डाग चिंचेनेही जाईनात.

पहाटे तर सुटायची होती.