सतराला केसभर कमी

अकरावीत उणे चारच्या वर्गमुळापुढं मी लिहिलं: अपरिमेय.
हेर्लेकर सरांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली,
बोलले काहीच नाहीत.
माझा हिशेब सोपा होता,
ज्याचं मूळ सरळ निघत नाही ते सगळं एका गोणीत,
तोंड बांधून कोपऱ्यात.

गोणी सुटली उद्यमनगरात,
दस्तगीर शिकलगारांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात.
वार्निशच्या वासात मी सुट्टीभर बिलं लिहायला बसायची.

एका मोटरखाली पत्रा हवा होता, बारा इंच बाय बारा.
चाचा म्हणाले, कोपरा ते कोपरा माप पोरी.
"सतरा."
"नीट बघ."
"बघितलो की नीट. सतराला केसभर कमी."
"केस केवढा?"
मग स्टीलची पट्टी.
मग शेजारच्या लेथवाल्याचा मोठा व्हर्निअर, ग्रीसनं माखलेला.
मग कॅल्क्युलेटर: सोळा पॉइंट नऊ सात शून्य पाच सहा दोन सात
आणि खिडकी संपली, आकडा नाही.
दर वेळी केसाला आणखी एक केस फुटत होता,
कुठलाच मागच्यासारखा नाही.

आणि कर्ण तर समोर पडलेला.
या कोपऱ्यात सुरू, त्या कोपऱ्यात खलास.
मधे थोडा गंज.
महाद्वार रोडला दोन दुकानांच्या मधे
पायरीवर सुया-बिब्बे विकणारी बाई बसते, तसा.
तिला घरनंबर नाही, पोस्टमन चुकतो,
पण ती रस्त्यावरच आहे,
याच्या पुढं, त्याच्या अलीकडं,
आणि गल्लीतल्या पोरालासुद्धा ते ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट विजेच्या बिलातली.
"चाचा, ह्यो दंड कशाचा?"
"मोटर जे ओढून घेते आणि परत देते, त्याचा."
"परत देते तर पैसे का?"
चाचा हसले. विडी नव्हती, तरी विडी झटकल्यासारखी बोटं झटकली.
"त्यानं पाणी चढत नाही. ऊस चिरडत नाही.
पण ते नसलं तर मोटर जागची हलायची नाही."
"मग असतंय कुठं?"

त्यांनी फरशीवर खडूनं रेघ ओढली, आकडे टाकले,
मला शून्यावर उभं केलं, तोंड दाराकडं.
"डावीकडं वळ."
वळले. समोर तांब्याच्या तारेची रिळं.
"पुन्हा डावीकडं वळ."
समोर भिंत, दार पाठीमागं.
"दोनदा वळलीस की उणे एक. कबूल?"
कबूल.
"मग एकदा वळलीस तेव्हा कुठं होतीस?"

मी रेघेकडं बघितलं.
रेघेवर नव्हते. दुकानात तर होते.

म्हणजे उणे चारचं मूळ
दारापासून डावीकडं, रिळांच्या बाजूला, दोन पावलं.
नेमकी दोन.
केसभर कमी नाही, शेपूट नाही.
मी ज्याला न संपणारं म्हणाले ते इतकं आटोपशीर,
फक्त रस्ता सोडून उभं.
आणि हातात धरता येतो, बोट कापतो,
तो पत्र्याचा कर्ण
जन्मभर लिहीत बसलं तरी पुरा व्हायचा नाही.
कल्पित हे नाव कुणी ठेवलं असेल, त्यानं
कधी बिल भरलं नसावं.

आता दुकान माझ्याकडं.
पत्रा अजून आहे, त्यावर चहाचे ग्लास ठेवतो.
परवा हेर्लेकर सर मिक्सर घेऊन आले, मोटर जळालेली.
ओळखलं नाही त्यांनी.
मनात आलं विचारावं,
त्या दिवशी रेघ मारलीत, सर,
रेघेच्या बाहेर काय आहे ते का नाही सांगितलंत?
पण म्हातारे झालेत. धाप लागली होती.
स्टूल पुढं केलं.
"कधी मिळेल?"
"दोन दिवसांनी."
"नक्की दोन?"
"नेमके दोन, सर."
कुठल्या दिशेला, ते मी सांगितलं नाही.