उसवण

पुन्हा आली ही पेटी माझ्या टेबलावर.
कापूर, लव्हेंडरच्या वाळक्या काड्या,
आणि तळाशी, मलमलीत गुंडाळलेलं
ते धूपछाव रेशीम.
इकडून जांभळट, तिकडून कबुतराची मान.
पाचव्यांदा उसवणार आहे मी ते.

मिसेस थर्टलांच्या लग्नाला सव्वीस वार घेतलं होतं.
मी तेव्हा चौदाची, नॉरिचमध्ये,
मॅडम पिंचनच्या माडीवर उमेदवारीला.
अंगुस्तान बोटाला ढिलं व्हायचं,
म्हणून आत चिंधी कोंबली होती.
कुठली चिंधी ते नंतर सांगते.

त्या दिवसांत झग्याखाली सहा परकर असायचे,
त्यातला एक घोड्याच्या केसांचा, उन्हाळ्यातही.
जिन्यात चौथ्या पायरीवर बाई थांबायच्या.
म्हणायच्या, काही नाही गं, बुटाची नाडी.

मग पोलादी पिंजरा आला.
वर्तमानपत्रांतून चित्रं छापून हसले पुरुष:
फाटकात मावत नाहीत,
चर्चच्या बाकावर एकटी बसते तिघींची जागा अडवून.
खरंच होतं ते.
पण पाच परकर गळून पडले जमिनीवर,
आणि बाई आरशात न बघता, खाली बघत म्हणाल्या,
केझाया, मला माझे पाय सापडले.

तीन हिवाळ्यांनी त्यांची धाकटी बहीण शेगडीपाशी वळली.
नुसती वळली.
घेर कुठवर गेला ते तिला कळलं नाही.

हे रेशीम काळं करायला मी रंगाऱ्याकडे निघाले होते.
बाईंनी कोपऱ्यावरून माणूस पाठवून परत बोलावलं.
का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुढे घेर मागे सरकला, उंटाच्या मदारीसारखा.
मग एका साली अचानक ओसरला,
आणि झगा इतका आवळला
की गुडघ्यांमागे आतून फिती बांधाव्या लागत.
मीच बांधायची, गुडघे टेकून.
माझा बाप दूध काढताना
लाथाळ गाईच्या मागच्या पायांना भाला घालायचा,
तीच गाठ.
त्या फिती बांधून बाई गव्हर्नरांच्या मेजवानीला गेल्या
आणि नाचल्याही म्हणे.

सहा बाळंतपणं.
माझ्या वहीत मात्र त्यांची कंबर कधी वाढली नाही.
एकवीस इंच, एकवीस, एकवीस.
मी फितीवरून अंगठा सरकवायचे,
त्या छताकडे बघायच्या.
खोटं दोघींनी मिळून बोललं की हलकं होतं.
जास्तीचं कापड मी बगलेत दडवायचे,
कळी होऊन, कुणाला न दिसणारं.

आता बाई नाहीत.
सव्वीस वारांतले चारच उरलेत.
बाकीचं गेलं:
टोपड्यांत, उशीत, एका लहान शवपेटीच्या अस्तरात,
आणि बोटभर माझ्या अंगुस्तानात.
त्रेचाळीस वर्षं वापरलेली चोरी.
बोटं जाड झाली, चिंधी गेल्या वर्षी काढली.
फेकली नाही.

उसवताना बघते,
शिवणीच्या आत जिथे ऊन पोचलं नाही
तिथे रंग अजून नवरीचा आहे.
आणि सुईची भोकं,
पाच फॅशनींच्या पाच रांगा,
मुंग्या गेल्यासारख्या.

नात आलीय, आयसोबेल. सायकल खाली भिंतीला टेकवून.
तिला विजार हवी, गुडघ्यापर्यंत, सर्जची.
आतून आजीचं रेशीम.
कॅननसाहेब तिच्यावरून प्रवचन देतील म्हणते, देऊ देत.
मी फीत घेते. सवयीनं अंगठा सरकतो.

ती तो अंगठा उचलून बाजूला करते.
साडेसत्तावीस, म्हणते. लिहा.

मी लिहिते.

आणि खिसे, दोन्ही बाजूंना.
खिशात काय ठेवणार, मी विचारते.

हात, म्हणते.