नोंदीत नसलेलं

डुलुथच्या कोर्टात तेवीस वर्षं
मी बोललेलं टिपते.
तिपाईवर बावीस कळांचं यंत्र.
कुणी खोकलं तर टिपायचं नाही,
रडलं तरी नाही.
फक्त शब्द.

फेब्रुवारीत टेरेन्स बेलँजरचा खटला उभा राहिला.
गोठलेल्या तळ्यावरचं कुणाचं तरी
मासेमारीचं खोपट जाळल्याचा आरोप.
त्याची वकील म्हणाली, माझा अशील साक्ष देणार नाही.
टिपलं.
मग तो नुसताच बसून राहिला,
नव्या शर्टाच्या घडीच्या रेघा
अजून छातीवर.

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला,
बाराजणांकडे वळून नेहमीचंच वाचलं:
तो बोलला नाही, यावरून काहीही धरू नका.
गप्प राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेनं दिलाय.
सिद्ध करायचंय ते सरकारनं. त्यानं नाही.

मला हे पाठ आहे. बोटांना तर माझ्याही आधीपासून.
सव्वादोनशे वर्षांपूर्वीची दुरुस्ती, पाचवी,
कळांच्या चार-दोन ठोक्यांत बसते.

आमच्या घरी कायदा वेगळा होता.
कप फुटला की आई तिघांना ओळीनं उभं करायची.
जो गप्प, तो चोर.
रॉल्फ नेहमीच गप्प.
निम्मे कप मी फोडले होते.

आणि आर्नी.
एका हिवाळ्यात तो जेवताना बोलेनासा झाला.
मी विचारत राहिले, तो बटाट्यावर मीठ टाकत राहिला.
मीच सरकारी वकील, मीच न्यायाधीश,
बाराच्या बारा खुर्च्यांत मीच,
आणि ताट गार व्हायच्या आत निकाल.
फार उशिरा कळलं, गोदीतून त्याला
नोव्हेंबरातच कमी केलं होतं,
आणि रोज डबा घेऊन तो गाडीत बसून
रिकामं बंदर बघायचा.

पावणेचारला ज्युरी परतली.
निकाल मी टिपलाय, तो इथे सांगत नाही.
खाली कचेरीत मिळेल,
पानामागे ठरलेले पैसे भरून.

तिथे मिळणार नाही ते एवढंच:
वकिलाचं वाक्य संपल्यावर
बेलँजरनं तोंड उघडलं होतं,
आणि पुन्हा मिटलं.
बारा अनोळखी माणसं त्या मिटल्या तोंडाकडे बघत होती,
एकजण पेन्सिलीचं टोक चावत,
आणि जमेल तितकं
काहीही धरत नव्हती.