नाव ठेवण्याआधी

पालेना नदीच्या मुखाशी, जस्ती पत्र्याच्या हँगरमध्ये,
ओलं लाकूड शेगडीत कुरकुरत होतं.
डॉन रोसेंदो बार्रियांनी इंजिनावरचं झाकण उतरवलं,
भिंतीला टेकवलं, आणि मला म्हणाले,
यास्ना, आज हात लावायचा नाही.
नुसतं बघ.

बघितलं.
चार सिलिंडर, दोन इकडे दोन तिकडे.
एवढं मला येत होतं.
त्यापुढे मी चुकून भलत्याच लग्नघरात शिरलेली:
सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी,
नळी नळीची मावसबहीण, पट्टी पट्टीची जाऊ,
माझ्या ओळखीचं एक तोंड नाही.

दहा वर्षं हे विमान कुणाच्या तरी
मेंढ्यांच्या गोठ्यात उभं होतं.
आता उलिसेस कार्कामोनं विकत घेतलंय,
आणि त्याला ते ईस्टरच्या आत हवंय.

मागच्या बाजूला दोन काळी डबडी,
प्रत्येकातून जाड वायरी फुटलेल्या.
मॅग्नेटो, ते म्हणाले. बॅटरी मेली तरी ठिणगी देतो.
हातानं पंखा फिरवशील तेव्हा आतून टक्‌ होईल.
त्या टक्‌ला भ्यायचं. कायम.

केसासारख्या तीन बारीक नळ्या तीन सिलिंडरांकडे गेलेल्या,
चौथ्याकडे नाही.
मी म्हटलं, एक तुटून पडलीय.
नाही, ते म्हणाले, चौथा उपाशीच सुरू होतो.
तीन पेटले की तो त्यांच्या मागून पेटतो.
(आम्ही चार भावंडं. मी काही बोलले नाही.)

मग तिसऱ्या सिलिंडरच्या पात्यांमध्ये
काड्या, लोकर, पिसं, नीट गोल दाबून बसवलेली.
फिल्टर, मी ठामपणे सांगितलं.
ते इतके हसले
की येर्बाचा कडू काढा नाकातून आला.
चेरकानचं घरटं होतं ते.
दोन बोटांनी उचलून त्यांनी खिडकीत ठेवलं.

पंपाच्या जागी पंप नव्हता.
फक्त एक चौकोनी पत्रा, चार नट, खाली गॅस्केट.
हा काय करतो?
काही नाही, ते म्हणाले. इथे कुणी नाही, एवढंच सांगतो.
पण नीट कस. रिकामी जागासुद्धा गळते.

दुपारी पुस्तक उघडलं. चित्रं, आकडे, बाण.
चित्रातलं इंजिन आंघोळ करून आलेलं,
आमचं तेलकट, हट्टी, कुणीतरी तारेनं बांधलेलं.
तरी एकेक जुळत गेलं. मी चिकटपट्टीवर नावं लिहून
ज्याची त्याला लावत होते,
आणि मग सापडली ती चीर.

इंजिनाच्या पोटातून खाली उतरणारी एक नळी, बोटाएवढी जाड,
आणि तिच्या अंगावर, वर, ऊबेत,
नखानं ओरखडा काढावा तशी आडवी फट.
तडा, मी म्हटलं. कारागीर गाढव होता.
हातात पट्टी घेऊन बुजवायला निघालेही.

त्यांनी मनगट धरलं.
पहिल्यांदाच.
नावं ठेवायला वेळ लागत नाही, म्हणाले,
नाव सांगायला लागतो.
ही नळी म्हणजे इंजिनाचा श्वास.
वर डोंगरावर गारठ्यात तिचं खालचं तोंड
वाफेच्या बर्फानं बंद होतं.
मग आतला दाब पुढचं सील फोडतो,
सगळं तेल बाहेर, काच काळी,
आणि खाली उतरायला फक्त जंगल.
म्हणून ही फट. बाहेरचं तोंड मिटलं
तर इथून सुटायचं.

नाव काय हिचं?
ते शेगडीकडे बघत राहिले.
त्यांच्या उस्तादानं सांगितलं नव्हतं,
यांनी विचारलं नव्हतं.

पुस्तकात असेल कुठेतरी. मी शोधलं नाही.
माझ्या वहीत सत्तेचाळीस नावं आहेत.
अठ्ठेचाळिसाव्या ओळीत
मी पेननं एक आडवी रेघ मारून ठेवलीय,
मोजून, तिच्याएवढीच.